सामंजस्य कराराचा फोटो शेवटी काढा : कारखाना आणि कॉलेज यांनी मिळून संशोधन कसं करावं

सांगली-मिरज परिसरातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात प्राचार्यांच्या केबिनबाहेर थांबायची वेळ आली, की भिंतीवरच्या फ्रेम बघत बसावं लागतं. शाल, श्रीफळ, मधे एक फाइल आणि ती दोन्ही बाजूंनी धरून कॅमेऱ्याकडे बघणारी दोन माणसं. खाली ‘सामंजस्य करार’ अशी पट्टी. अशा दोन फोटोंत मी स्वतः आहे. मी फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला होतो, कंपनीतर्फे फाइल धरायला मलाच पाठवायचे. पहिल्या करारातून पुढे काहीच झालं नाही. दुसऱ्यातून थोडं टेस्टिंगचं काम निघालं, पण ते करार नसतानाही निघालंच असतं. नंतर जे खरं काम झालं, त्याची सुरुवात रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या, रजिस्टरच्या एका झेरॉक्सपासून झाली.

हा लेख प्रामुख्याने कुपवाड, मिरज, पलूस, सातारा अशा एमआयडीसींतल्या लहान-मध्यम कारखानदारांसाठी आणि बेदाणा-हळदीच्या प्रक्रियादारांसाठी आहे. प्राध्यापकांनी वाचला तर दुधात साखर.

पहिली पायरी : तक्रारीचा प्रश्न करा

‘कास्टिंगचं (ओतीव भागांचं) रिजेक्शन कमी करायचंय’ हे कॉलेजात जाऊन सांगितलं, की समोरचे सर मान डोलावतात, चहा येतो आणि विषय तिथेच थांबतो. कारण ही तक्रार झाली. तिच्यात संशोधन करायला धरायची जागाच नाही. प्रश्न असा असतो : ‘पावसाळ्यात, दुसऱ्या पाळीत, एकाच पॅटर्नच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूमुळे पडणारी भोकं) का वाढतात? साच्यातून परत आलेली वाळू गरम असतानाच मिक्सरमध्ये जाते म्हणून, की ओलावा मोजल्यानंतर मोल्डिंगपर्यंत बराच वेळ जातो म्हणून?’ असं विचारलं, की सर वही काढतात.

बेदाण्याचंही तसंच. ‘रंग चांगला यायला पाहिजे’ हे तासगावात प्रत्येकजण म्हणतो. पण द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढून शेडमध्ये टाकली, की वरच्या रॅकवरचा आणि खालच्या रॅकवरचा माल एकाच दिवशी का वाळत नाही, हा प्रश्न आहे. त्यात हवेचा झोत, तापमान, आर्द्रता, मण्यांचा आकार असं मोजण्यासारखं बरंच काही आहे. मेकॅनिकलचा विद्यार्थी त्यावर वर्षभर काम करू शकतो.

एका पानावर पाच गोष्टी लिहून काढा. नेमकं काय होतं. कधीपासून होतं. तुम्ही ते कशाने मोजता. आजवर काय काय करून पाहिलं. आणि पाचवी, जी बहुतेकजण गाळतात : उत्तर मिळालं तर तुम्ही कारखान्यात काय बदलणार आहात? ‘काहीच नाही, बघू’ असं उत्तर असेल तर कॉलेजला जाऊ नका, त्यांचाही वेळ जातो. पानाच्या मागे महिन्याला होणारा तोटा रुपयांत लिहा. तो आकडा कुणाला दाखवला नाही तरी चालेल, पण पुढे संशोधनावर किती खर्च करायचा हे ठरवताना तोच लागतो.

आणि रजिस्टर. निदान एका वर्षाचं रिजेक्शन, हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या प्रत्येक खेपेचा क्रमांक) आणि तारखेसह. वाळूचे रोजचे रिपोर्ट. आमच्याकडे हे सगळं होतं, पण तीन वेगवेगळ्या कपाटांत, आणि एकात हीट नंबर लिहायची पद्धतच नव्हती. संशोधनाचा पहिला महिना ते जुळवण्यातच गेला.

दुसरी पायरी : इमारत नव्हे, माणूस शोधा

आपल्याकडे संस्थांची वानवा नाही. सांगलीच्या विश्रामबागेतलं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून. साखराळ्याला राजारामबापू इन्स्टिट्यूट. १९६२ चं शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात असलं तरी सांगली आणि सातारा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतात. साताऱ्यात ‘रयत’च्या महाविद्यालयांच्या समूहातून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभं राहिलं आहे. हळदीसाठी कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र आहे, ‘फुले स्वरूपा’ ही जात तिथली. उसासाठी फलटण तालुक्यातलं पाडेगाव, तेही १९३२ पासून. ही दोन्ही केंद्रं राहुरीच्या कृषी विद्यापीठाची.

कुणी काय करायचं हे आधी ठरलं की काम कसं होतं, ते पाहायचं तर फलटणला जा. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी सुवर्णा’ ही जुळी कोकरं देणारी मेंढी तयार केली. बंगालच्या गारोळ मेंढीतला जनुक दख्खनी मेंढीत आणायचा होता. पैदास फलटणला झाली, जनुक आलाय की नाही हे तपासण्याचं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबरोबर झालं, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांची साथ होती, आणि शेवटची परीक्षा मेंढपाळांच्या कळपात. प्रयोगशाळेने मेंढ्या पाळायचा हट्ट धरला नाही आणि मेंढपाळाला कुणी जनुक शिकवत बसलं नाही.

योग्य प्राध्यापक शोधायचा तर कॉलेजच्या वेबसाइटवरच्या ‘संशोधनाची आवड’ या रकान्यावर विसंबू नका. त्या विभागात गेल्या पाच वर्षांत झालेल्या एमटेक आणि पीएचडी प्रबंधांची शीर्षकं मागा. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या वेबसाइटवर घरबसल्या वाचता येतात. तुमच्या विषयाजवळचं काम केलेला माणूस तिथे सापडतो. मग त्यांच्या लॅबमध्ये जा आणि लॅब असिस्टंटशी बोला. मशीन खरंच चालू आहे का, की दुरुस्तीची वाट बघत कव्हर घालून ठेवलंय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

अंतराचाही विचार करा. सर आठवड्यातून एकदा येऊ शकतील असं कॉलेज आणि वर्षातून एकदा येतील अशी नामांकित संस्था यांत निवडायचं झालं, तर मी पहिलं घेईन.

तिसरी पायरी : आधी दहा-पंधरा दिवसांचं काम द्या

थेट मोठ्या प्रकल्पाला हात घालू नका. एखादं टेस्टिंग द्या, रीतसर पैसे भरून. फुटलेला पार्ट, वाळूचा नमुना, हळदीचं कुरकुमिन, काहीही. यातून तीन गोष्टी कळतात. रिपोर्ट सांगितलेल्या दिवशी आला का. त्यात नुसते आकडे आहेत की त्यांचा अर्थही लिहिलाय. आणि सरांनी ‘हा नमुना नेमका कुठून काढला?’ असं विचारलं का. तिसरी गोष्ट घडली, तर पुढे जा. ग्राहकाला दाखवण्यासाठी रिपोर्ट हवा असेल तर लॅबला एनएबीएल (प्रयोगशाळांची राष्ट्रीय) मान्यता आहे का ते मात्र आधीच विचारा.

प्राध्यापकांनाही माझं हेच सांगणं असतं : पहिल्या भेटीत प्रेझेंटेशन नको, बूट घालून शॉपफ्लोअरवर या. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या सरांना मोल्डिंगवरचे एक मामा म्हणाले होते, “सर, तुमचं यंत्र लावायच्या आधी एकदा वाळू मुठीत दाबून बघा की.” सरांनी दाबून बघितली, मुठीचे ठसे नीट उमटले नाहीत, आणि दोघांचं तिथेच जमलं. पुढे वर्षभर मामांनी नमुने न कंटाळता काढून दिले.

चौथी पायरी : दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

माझ्या मते निम्मे प्रकल्प इथे बुडतात. कॉलेजचं वर्ष जून-जुलैत सुरू होतं. विद्यार्थ्यांना विषय मिळेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, नोव्हेंबर-डिसेंबरात परीक्षा, आणि एप्रिलमध्ये रिपोर्ट बांधायला जातो. आता आपले हंगाम बघा. साखर कारखान्यांचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. हळद जानेवारी ते मार्चमध्ये निघते, शिजते, वाळते, पॉलिश होते. बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिल.

म्हणजे बेदाणा शेडवाल्याने जानेवारीत कॉलेजला फोन केला, तर हंगाम गेला. विद्यार्थ्याला प्रश्न समजून, सेन्सर मागवून, ते बसवून होईपर्यंत माल बॉक्समध्ये भरून कोल्ड स्टोरेजला गेलेला असतो. मग विद्यार्थी काय करणार? कॉम्प्युटरवर शेडचं मॉडेल करणार, रंगीत चित्रं काढणार आणि मार्क मिळवणार. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

वेळापत्रक उलटं मोजत या. मे महिन्यात हंगामाच्या ताज्या आठवणींवर प्रश्न लिहा. जूनमध्ये सरांना भेटा, जुलैमध्ये विद्यार्थ्यांपुढे मांडा. दिवाळीच्या आत उपकरणं विकत घेऊन लॅबमध्ये तपासून ठेवा. डिसेंबरात शेडमध्ये बसवा आणि रिकाम्या शेडवर आठवडाभर चालवून बघा. फेब्रुवारीत पहिला घाणा (वाळवायच्या मालाची खेप) पडेल तेव्हा सगळं तयार पाहिजे. बेदाणा वाळायला बारा-पंधरा दिवस लागतात, त्यामुळे एका शेडमध्ये हंगामात मोजकेच प्रयोग बसतात. कुठल्या घाण्यात काय बदलायचं हे डिसेंबरातच कागदावर ठरवा.

फौंड्रीला हंगाम नसतो असं वाटतं, पण पावसाळा असतोच. पावसाळ्यातल्या ओलाव्याचा प्रश्न सोडवायचा तर जुलैत बॅच ठरून उपयोग नाही, आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्न म्हणून यायला हवा.

पाचवी पायरी : प्रश्नाच्या मापाचा माणूस

शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी मोजणी, जिग-फिक्श्चर, छोटं ऑटोमेशन, डेटाची मांडणी अशी कामं चांगली करतात. एमटेकचा विद्यार्थी एका प्रक्रियेतले तीन-चार घटक बदलून नीट प्रयोग करू शकतो. साहित्यच नवं बनवायचं असेल, किंवा ‘हे असं का होतं’ हेच अजून कुणाला कळलेलं नसेल, तर पीएचडी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षं असतात. तेवढा दम नसेल तर पीएचडी मागू नका.

मला सगळ्यात फायद्याचा वाटतो तो चौथा मार्ग : तुमच्याच इंजिनिअरला अर्धवेळ पीएचडीला बसवा. त्याला प्रश्न माहीत असतो, कामगार ओळखीचे असतात, आणि निष्कर्ष निघाला की तो त्याच संध्याकाळी लागू होतो. फक्त त्याला आठवड्यातला एक दिवस खरोखर मोकळा द्या. उलट्या दिशेचीही सोय आहे. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला कॉलेज ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून घेऊ शकतं, पीएचडी नसली तरी.

कारखाना आणि वर्ग यांतली ये-जा आपल्या भागाला नवीही नाही. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव त्याआधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते.

सहावी पायरी : करार

आता कागद. ‘सामंजस्य करार’ म्हणजे आम्ही एकमेकांना ओळखतो एवढंच. प्रत्येक प्रकल्पाला वेगळा, चार-पाच पानांचा करार करा. स्टॅम्प पेपर आता शंभराचा चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात पाचशेचा लागतो. त्यात कोण काय देणार, कधी देणार, पैसे कुठल्या टप्प्याला, ही नेहमीची कलमं असतातच. खरी गोम पुढच्या तीन ठिकाणी आहे.

पहिली, पेटंट कुणाचं. सगळ्यांना गोड वाटणारं उत्तर म्हणजे ‘निम्मं-निम्मं’. सही करण्याआधी भारतीय पेटंट कायद्याचं कलम ५० वाचा. वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक शोध स्वतः वापरू शकतो, दुसऱ्याला हिशेब न देता. पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय लायसन्स देता येत नाही की आपला वाटा विकता येत नाही. आता विचार करा : कॉलेजकडे कारखाना नाही. म्हणजे कंपनी माल काढत राहणार आणि कॉलेजच्या निम्म्याची किंमत ‘नाही’ म्हणण्याच्या अधिकाराएवढीच. कंपनीचीही अडचण होते, कारण उद्या दुसऱ्या कुणाला लायसन्स द्यायचं तर कॉलेजच्या सहीशिवाय हलता येत नाही. त्यापेक्षा साधं ठेवा. मालकी एकाची. कॉलेजची असेल तर तुमच्या क्षेत्रापुरतं वापराचं लायसन्स तुम्हाला, ठरलेल्या रॉयल्टीवर. कंपनीची असेल तर कॉलेजला एकरकमी मोबदला आणि शिकवण्या-संशोधनासाठी वापरायची मुभा. दोघांनी आधीपासून आणलेलं ज्ञान आपापल्या नावावर राहील, हे एका परिशिष्टात यादी करून लिहा.

दुसरी, आधी अर्ज मग पेपर. प्राध्यापकाला पेपर छापायचा असतो, त्याची बढती त्यावर असते, त्यामुळे ‘काहीही छापायचं नाही’ ही अट घालू नका. घातली तर चांगला माणूस निघून जाईल. पण पेपर, पोस्टर, प्रोजेक्ट स्पर्धा, यूट्यूबवरचा व्हिडिओ, यांतलं काहीही पेटंट अर्जाच्या आधी झालं, तर शोधाचं नवेपण जातं. शोधाचं तात्पुरतं विवरणपत्र (प्राथमिक वर्णन) पेटंट कार्यालयात दाखल करून ठेवता येतं, पूर्ण विवरणपत्राला त्यानंतर बारा महिने मिळतात. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, शैक्षणिक संस्था, स्टार्टअप आणि लघु उद्योगांना १,६०० रुपये आहे, इतरांना ८,०००. अर्जदारांत एक जरी मोठी कंपनी असली तरी सवलत जाते. वकिलाची फी वेगळी, आणि तीच जड असते. छापण्यापूर्वी मसुदा कंपनीला दाखवायचा आणि कंपनीने तीस दिवसांत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर होकार समजायचा, असं कलम टाका. पीएचडीचा प्रबंध शेवटी सार्वजनिक होतोच, म्हणून तुमची खरी गुपितं, उदाहरणार्थ ग्राहकाचं ड्रॉइंग, त्यात मुळात जाताच कामा नयेत.

तिसरी, विद्यार्थी. तो कॉलेजचा नोकर नाही आणि तुमचाही नाही. शोधात त्याचा हात असेल तर तो संशोधक म्हणून हक्कदार आहे आणि हक्क हस्तांतर लेखीच लागतं. ही सही प्रकल्प सुरू होतानाच घ्या. एका प्रकल्पात आम्ही ती घेतली नव्हती. पोरगा हिंजवडीला लागला, नंबर बदलला, आणि एका सहीसाठी मी दोन महिने त्याच्या गावाकडच्या मामांना फोन करत होतो.

हळदीवाल्यांसाठी थोडं जास्तीचं. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने संदर्भ पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तोच न्याय आपल्यालाही लागतो : पारंपरिक ज्ञानाला भारतात पेटंट नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन ही वेगळी गोष्ट, ते एका कंपनीचं होत नसतं. शिजवण्याची नवी पद्धत, पॉलिशचं नवं यंत्र, यांना वाव आहे. हळदीच्या घटकांवर आधारलेला शोध असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची पायरीही लागते, ते वकिलाला आधीच विचारा.

सातवी पायरी : पैसे

टेस्टिंग आणि कन्सल्टन्सीच्या बिलावर अठरा टक्के जीएसटी धरून चाला. अनुदान म्हणून दिलेल्या निधीतून होणाऱ्या संशोधनसेवेला ऑक्टोबर २०२४ पासून माफी आहे, पण ती सरकारी संस्थांना आणि आयकर कायद्याखाली संशोधनासाठी अधिसूचित असलेल्या विद्यापीठं-महाविद्यालयांनाच. कॉलेजकडून अधिसूचनेची प्रत मागा. संशोधनावरच्या दीडपट-दुप्पट वजावटीचा सल्ला कुणी दिला तर तो जुना आहे, २०२०-२१ पासून जेवढा खर्च तेवढीच वजावट.

सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा) पैसा या कामात वापरायचा मोह बऱ्याच मोठ्या कंपन्यांना होतो. विद्यापीठाच्या संशोधनाला सीएसआरमधून निधी देता येतो, पण तुमच्याच धंद्याच्या नेहमीच्या कामाचा प्रश्न त्यातून सोडवून घेता येत नाही. लॅबला यंत्र द्यायचं असेल तर सीएसआर, रिजेक्शनचा अभ्यास करायचा असेल तर कंपनीचा खर्च.

लहान उद्योगांसाठी ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजना बघण्यासारखी आहे. यजमान संस्थेमार्फत एका कल्पनेला पंधरा लाखांपर्यंत मदत मिळते. लघु उद्योग म्हणून केलेली ‘उद्यम’ नोंदणी हाताशी असू द्या. मात्र अनुदान येईल या भरवशावर हंगाम घालवू नका. पहिल्या वर्षाचा खर्च खिशातून झेपेल एवढाच प्रकल्प घ्या.

रक्कम तीन हप्त्यांत द्या : सुरुवातीला उपकरणांपुरती, मधे डेटा हातात आल्यावर, शेवटी रिपोर्टवर. ‘यश मिळालं तरच पैसे’ ही अट चुकीची. प्रयोग नीट झाला आणि उत्तर ‘हे कारण नाही’ असं आलं, तरी ते काम झालेलंच आहे. आमच्या वाळूच्या प्रकल्पात वर्षाच्या शेवटी कळलं, की आम्ही ज्या बेंटोनाइटवर (वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीवर) संशय घेत होतो ते निर्दोष होतं. सप्लायर बदलायचा आमचा बेत तिथेच संपला.

आठवी पायरी : चालवणं

दोन्हीकडून एकेक माणूस नेमा, समिती नको. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास, कारखान्यातच. काय मोजलं, काय अडलं, पुढच्या पंधरवड्यात काय, एवढंच. विद्यार्थ्याला गेट पास, सेफ्टी शूज, कॅन्टीनचं कूपन आणि एका कामगाराचं नाव पहिल्याच दिवशी द्या. ही फालतू बाब वाटेल, पण गेटवर तासभर ताटकळलेला पोरगा पुढच्या आठवड्यात येत नाही. विमा कुणाचा, हेही ठरवा.

चाचणीचा माल नेहमीच्या उत्पादनात मिसळू नये म्हणून वेगळा रंग मारा आणि प्रॉडक्शन मॅनेजरला आधी विश्वासात घ्या. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, त्या आठवड्यात ट्रायल लावू नका.

मे महिन्यात पोरं जातात. त्याआधी तीन वस्तू कारखान्यात राहिल्या पाहिजेत : मूळ नोंदींची वही, सेन्सर आणि प्रोग्रॅमच्या पासवर्डसह पूर्ण फाइल, आणि ऑपरेटरसाठी एक पान मराठीत. ते पान विद्यार्थ्यानेच लिहायचं आणि मोल्डिंगवरच्या मामांना वाचून दाखवायचं. मामा ज्या ओळीवर अडतील ती बदलायची. आमचं पान चार वेळा बदललं. ‘कॉम्पॅक्टिबिलिटी’च्या (वाळू किती दाबली जाते त्या मापाच्या) जागी शेवटी ‘मुठीतला ठसा’ आला, आणि त्याच्यापुढे आकडा.